कासवाच्या खुणेवर

सकाळी सहाला हा चढ तो सहज घेतो,
खजुराच्या दोन ओळींमधून, ट्रेलरभर लसूणघास ओढत.
सातला तोच चढ, तेवढीच घास,
आणि चाकं जागच्या जागी.
इंजिन मात्र मजेत.
"गातंय बघ," परकारचाचा म्हणतात,
"गातंय, पन चलत नाय. माज्या मेव्हण्यागत."

मी कान लावतो.
आवाज बसला असता
तर बेअरिंग पाहिलं असतं, ब्रेक कुठे धरलाय ते पाहिलं असतं.
आवाज बसत नाही.
म्हणजे ताकद निघते आहे
आणि पोचत नाही.

बावीस घोड्यांचा, जपानात म्हातारा होऊन
मग सहमला आलेला.
लिव्हरवर जपानी अक्षरं, त्यावर कुणी मार्करने अरबी,
त्याखाली शफीकुलचं बंगाली.
ससा आणि कासव तेवढे सगळ्यांना वाचता येतात.
लिव्हर कासवावर ठेवून बघतो. नाही.

पट्टी काढतो. तेल पुरेसं आहे,
रंग कोऱ्या चहाचा; दुधाळ असतं तर पाणी म्हटलं असतं.
मागचा शाफ्ट फिरतोय, म्हणजे क्लच शाबूत.
बाहेरचा फिल्टर नवा, सोहारच्या कुणीतरी घातलेला,
वर त्याने सांगून ठेवलेलं: पंप गेला.
पंप म्हणजे चारशे रियाल.
पंप म्हणजे हा भंगारात
आणि चाचांच्या हाती, एकसष्टाव्या वर्षी, परत विळा.
पंप गेला म्हणणं सोपं असतं.
उघडून कोण बघतंय?

अर्धा तास बंद ठेवला.
खोक्यावर तळवा टेकवला तर अजून चटका,
तरी चालू केला तशी चाकं फिरली.
थांबा.
तेल तापून पातळ झाल्यामुळे असतं
तर आत्ताही हललं नसतं.
काहीतरी चिकटतंय, आणि थांबलं की गळून पडतंय.

अठरा लिटर तेल दोन टबांत उतरवलं.
पोटाखाली आडवा झालो, दाढीत वाळू,
चार बोल्टांचं झाकण, ज्याची सोहारवाल्याला खबर नव्हती.
आत चहाच्या गाळणीएवढी जाळी
आणि जाळीवर तांबड्या शेवया.

शेवया नाहीत. सिलिकॉन.
कुणीतरी झाकण बसवताना
जास्त लावलं की जास्त टिकतं असं समजून
बोटभर जाड ओळ ओढली होती,
आणि उरलेलं, दाबून, आत गेलं होतं.

झाकण उलटं केलं.
पांढऱ्या पेनाने तारीख: १५-११.
देवनागरीत.
पाचाची शेपटी अशी वर ओढणारा
या किनाऱ्यावर मी एकटाच.

सहा वर्षांपूर्वी. व्हिसा नवा, हात नवा,
गळलं तर परत पाठवतील या धास्तीने
नळी पिळत बसलेला मी.
गळलं नाही कधी. खरंच नाही गळलं.

चाचा वाकून बघत होते.
खेडच्या शाळेत चौथीपर्यंत मराठीच शिकलेले.
"पंधरा," त्यांनी वाचलं,
माझ्याकडे पाहिलं
आणि जाळी धुवायला डिझेल आणायला गेले.

सालिम बिन राशिद आले, दिशदाशा चिखलातून उचलत.
काय निघालं?
मी शेवया तळहातावर धरल्या.
दोषाला अरबीत काय म्हणतात ते मला आजही येत नाही.
"हादा माल आना," म्हटलं. हे माझं.
त्यांनी बराच वेळ बघितलं. ओरडतील असं वाटलं.
मग म्हणाले, तेलाचे पैसे तुझे.
अठरा लिटर.
बरोबर होतं ते.

या खेपेला काडीएवढीच ओळ ओढली.
तारीख घातली. खाली नावही.

साडेअकराचं ऊन, कासवाची खूण, ट्रेलर भरलेला.
चढ लागला
आणि इंजिनाचा आवाज बसला,
खोल, जड, छातीतून ओढल्यासारखा.
"आता कन्हतंय बघ," चाचा वरून ओरडले,
आणि वळणापर्यंत मागे न बघता
कण्हतच गेले.